आधी चहा, मग गाव

कुंभार पिंपळगावात भिंत रंगवायची म्हटलं की पुंजाराम पेंटरशिवाय पान हलत नसे. बियाण्यांच्या जाहिराती, निवडणुकीची चिन्हं, बालवाडीवरचा पोपट, सगळं त्याच्याच हातचं. माणूस मात्र त्याला मनानं काढता येत नसे. समोर फोटो असला तर हुबेहूब उतरवायचा, नसला तर पुढाऱ्याचंही बुजगावणं व्हायचं. या उणिवेनंच पुढे घात केला, असं तो बरेच दिवस स्वतःला समजावत होता. खोटं होतं ते. घात त्याच्या तोंडानं केला, वेळेवर न उघडलेल्या तोंडानं.

बाजारपट्टीत गिरिजाबाई राहायची. नवरा गेल्यावर तिनं खुली चहापत्ती आणून तीत सुंठ मिसळून पुड्या विकायला काढल्या, आणि हां हां म्हणता ‘गिरिजा चहा’ आसपासच्या वस्त्यांवर जाऊन पोचला. पुंजारामची आई वारली तेव्हा या बाईनं त्याला आणि धाकट्या भिवाला महिनाभर आपल्या चुलीवरचं खाऊ घातलं होतं. तेव्हापासून ती दोघांची काकू.

दोन हजार आठ साली तिनं त्याला आपल्या घराची बाजाराकडची भिंत रंगवायला सांगितली.

“काय लिहू, काकू?”

“माझी सासू म्हणायची तेच लिही. आधी चहा, मंग विचारा गाव.”

चित्र असं ठरलं, की टोपीवाला म्हातारा दारात आलेल्या वाटसरूला कपबशी देतोय. म्हाताऱ्यासाठी काकूनं नवऱ्याचा फोटो काढून दिला. वाटसरूसाठी पुंजारामनं भिवाचा फोटो आणला. भिवा सुरतेच्या कापडबाजारात हमाल होता. फोटोत डोक्याला गमछा, खांद्यावर गाठोडं, तोंडभर हसू. गावात मात्र पुंजारामनं सांगून ठेवलं होतं, की भाऊ मिलमध्ये सुपरवायझर आहे. भिवासाठी राजूरकडची एक सोयरीक चालून आली होती ना!

“काकू, हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या बरं.”

“गमछ्यात कोण वळखतंय त्याला? मिशा तेवढ्या जाड कर,” काकू हसून म्हणाली. त्यानं मिशा जाड केल्या.

त्या कापसाच्या हंगामात जिनिंगच्या मालकानं गावचे हमाल सोडून बिहारचे आणले होते. तिकडे मुंबईत परप्रांतीयांवरून रान पेटलेलं, आणि टीव्हीवर रोज तेच. काम गेलेल्या पोरांच्या पोटात आग होती, हे कबूल. पण आग जिनिंगच्या मालकावर काढायची सोडून ती वड्याचं तेल वांग्यावर तशी गिरिजाबाईच्या भिंतीवर निघाली. जिनिंगला आजवर गावचे हमाल पुरवणारा काकासाहेब तिथं उभा राहून ओरडला, “ही जाहिरात न्हाई, राजकारण हाय! गमछावाल्या बिहाऱ्याला चहा पाजा, गाव विचारू नका, असं ही बाई आपल्याला शिकवून राह्यली!”

“आरं बाबांनो, चहा खपावा म्हणून लिहिलंय ते,” गिरिजाबाई म्हणाली. कोण ऐकतो!

गावकीचा पक्का ठराव करायचा तर खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलायची इथली रीत. कागदावरची सही फिरवता येते, उचललेला भंडारा फिरत नाही. संध्याकाळी देऊळ भरलं. हा चहा ज्याच्या ओठाला लागेल त्याचा वंश बुडेल, अशी शपथ ठरली. भंडाऱ्याची परात पुढे येण्याआधी काकासाहेबानं पुंजारामला उभं केलं.

“पेंटर, हा बिहारी कुठून आणला? खरं सांग.”

सगळ्या नजरा त्याच्याकडे वळल्या. गिरिजाबाई पायरीखाली उभी होती, तीही बघत होती. ‘आरं, हा आपला भिवा हाय,’ एवढं म्हणायचा अवकाश, लोक खो खो हसले असते आणि विषय तिथंच मिटला असता. आपलीही पोरं कुठं कुठं परक्या गावी गाठोडं उचलतात, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण खांबाला टेकून राजूरच्या पोरीचा मामा बसला होता.

“काकूनं सांगितलं तसं काढलं. मला काय म्हाईत?” पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं भंडारा उचलला.

खरं तर गिरिजाबाईलाही सांगता आलं असतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भिंत पुसायचं काम त्याच्याकडेच आलं. त्यानं खालून चुना मारायला घेतला. पाय गेले, गाठोडं गेलं. हसणारं तोंड त्यानं शेवटी पुसलं.

दुकानदारांनी पुड्या परत केल्या. बायका तिच्या दारावरून जाताना पावलं झपझप उचलू लागल्या. दिवाळीच्या आत घराला कुलूप लावून ती जाफराबादला भावाकडे गेली. हंगाम संपला तसे बिहारीही गेले, आणि काकासाहेबाला भांडायला दुसरं काही सापडलं. भंडारा मात्र कुणी उतरवला नाही. गावात कुणाला आठवणही राहिली नाही.

पुढच्या वर्षी राजूरच्या त्याच पोरीशी भिवाचं लग्न झालं. मांडवात भिवाचा सासरा मच्छिंद्र पान लावता लावता सहज म्हणाला, “जावई हमाली करतो हे आम्हाला पहिल्यापासून ठावं. माझा पुतण्या त्याच बाजारात गठ्ठे उचलतो. कष्टाचा हाय म्हणून तर पोरगी दिली.”

पुंजारामच्या हातातलं ताट हातातच राहिलं. ज्या अब्रूसाठी तो गप्प बसला होता, तिची कुणाला पडलेलीच नव्हती.

तरी जाफराबादची एसटी धरायला त्याला आणखी एक वर्ष लागलं. गिरिजाबाई भावाच्या ओसरीवर डाळ निवडत होती. अंगानं वाळली होती. त्यानं पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

“काकू, तुम्ही तरी का न्हाई बोलल्या?”

“भिवाचं लगीन मोडलं असतं तर? माझ्या हातचं खाल्लेलं लेकरू ते.” तिनं डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. “तू बोलशील असं वाटलं व्हतं मला. देवळातून आल्यावर आठ दिवस दाराला कडी लावली न्हाई. म्हणलं, लोकांम्होरं न्हाई, तर घरी तरी येईल.”

तिनं आत जाऊन चहा टाकला. सुंठेचा तोच वास आला. त्याला वाटलं, हा कप पिऊन टाकला की थोडं तरी फिटेल. त्यानं हात पुढे केला, आणि हात मध्येच थांबला. भिवाच्या बायकोला सातवा चालू होता. देवळातली शपथ वंशाची होती, आणि भिवाचं पोर म्हणजे त्याच्याच घरचा वंश.

गिरिजाबाईनं त्याच्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं.

“भिवाची बायको गरवार हाय काय रे?”

“सातवा हाय.”

“मंग बिलकुल नको पिऊस. भंडारा उचललायस तू.”

तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. कपबशी मागे ओढून घेतली, आणि वाया जाऊ नये म्हणून तो चहा त्याच्यासमोर बसून स्वतःच पिऊन टाकला.