शिरगावात देवी श्वास घेते

शिरगावच्या मंडपात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. साल एक्क्याण्णव. स्टेजवर पितळेची तीन फुटी देवी, अंगावर हिरवा शालू, शेजारी श्वासानंद महाराज. पूर्वाश्रमी महाराज उल्हासनगरात फ्रीज दुरुस्त करायचे. आता थेट माणसंच दुरुस्त करत.

"भक्तगण हो! जिथे डॉक्टरचं सायन्स फेल, तिथे माउलीचा श्वास चालू!"

मंत्र म्हणत त्यांनी देवीवर वाफाळतं पाणी ओतलं. थोड्या वेळाने शालू हलला. देवीची छाती हळूहळू फुगली. थंड पाण्याचा अभिषेक झाला तशी खाली बसली. दमेकऱ्यांनी गहिवरून हात जोडले.

त्यांत अण्णा होते. कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, रोज इंग्रजी पेपर वाचणारे. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी दम्याचा पंप गटारात टाकला होता. आता चार पावलं चालले की त्यांचे ओठ निळे पडत.

"अण्णा, औषध घ्या हो," मुलगी उमा विनवायची. ती अंबरनाथच्या एका कंपनीत केमिस्ट होती.

"तुझ्या लॅबमध्ये पितळ श्वास घेतं का?" अण्णा धापा टाकत विचारत.

उत्तर पुतळीने आणलं. पुतळी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची, उमाकडची भांडी घासून मंडप झाडायची. तिने मूठ उघडली. आत काळे दाणे.

"ताई, देवीच्या पायाशी सांडले व्हते. करवंटीचा कोलसा हाय. आमच्या पाड्यावर भट्ट्या लागतात, मी वलखते. देवीला कोलसा कशाला?"

उमा दाण्यांकडे बघतच राहिली. असलाच कोळसा तिच्या कंपनीत पिंपांनी येत असे.

पुढच्या अभिषेकाला ती स्टेजवर चढली. "महाराज, आधी तुमचे सगळे मंत्र म्हणा, पण पाणी थंडच घाला. मग मी गरम पाणी घालते, मंत्राशिवाय."

"माउली कोपेल!" महाराज ओरडले. गर्दी कुजबुजली. तेवढ्यात अण्णाच काठी टेकत उठले. "करू द्या तिला. माउली... खरी आहे. कशाला घाबरायचं?"

आता नाही कसं म्हणणार? महाराजांनी घसा फाटेपर्यंत मंत्र म्हटले. थंड पाण्याने देवी ढिम्म.

मग उमाने गरम पाण्याची धार धरली आणि खणखणीत आवाजात म्हणू लागली, "एकोणतीस एके एकोणतीस..." पाढा संपून तिसाचा सुरू झाला आणि देवीची छाती वर आली. मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.

उमाने शालू बाजूला केला. खाली फुटबॉलचा ब्लॅडर, त्याची नळी मूर्तीच्या पोटात. मागचं बूच काढताच कोळसा भसाभसा सांडला.

"हा कोळसा खास भाजलेला असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात," उमा म्हणाली. "थंड असताना सोड्यातला वायू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतो. कोळसा तापला की तो सुटतो आणि ब्लॅडर फुगवतो. निवला की परत चिकटतो. मोटर नाही, वीज नाही, नुसत्या उष्णतेवर चालणारा कॉम्प्रेसर! महाराज, कारागीर तुम्ही चांगले होतात हो."

वळून बघतात तर महाराज कनातीखालून पसार.

अण्णा मात्र छाती धरून खुर्चीत कोसळले होते. पुतळीने आणि उमाने त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर काढल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "उमे, मी एवढा शिकलेला, आणि मला साधा प्रश्न पडला नाही. तो पुतळीला पडला."

असे साधे प्रश्न आपल्यालाही पडायला हवेत. उद्या कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल बघा, पण नमस्कार करण्याआधी विचारा: हे मंत्राशिवाय होतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध चालू ठेवा.