एक वीटसुद्धा नको

काकासाहेबांचा आवाज म्हणजे देवाची देणगी, आणि एसटीनं ती घासूनपुसून चकचकीत केलेली. मध्यवर्ती बसस्थानकावर "कन्नड, चाळीसगाव, धुळेऽ" असा पुकारा करण्यात उभी नोकरी गेली. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या चार घरांना कळायचं. निवृत्तीनंतर एवढ्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नच होता. तो शहागंजच्या मागच्या अत्तारगल्लीनं सोडवला.

झालं असं, की गल्लीच्या तोंडाशी एका बिल्डरनं तीन घरं विकत घेतली आणि तिथं सात मजली इमारत येणार असा फलक लागला. गल्ली ही एवढीशी. दगडी कमान, नक्षीचे लाकडी सज्जे, आणि रिक्षा आली की माणसानं ओट्यावर चढून उभं राहायचं. सात मजले उठले असते तर ऊन गेलं असतं, आणि आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणीही गेलं असतं. त्यात बिल्डर बाकीच्या घरांनाही भाव सांगत फिरू लागला. तेव्हा काकासाहेबांनी आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वहाबभाईंनी चंग बांधला, की अख्खी गल्ली शहराच्या वारसा यादीत घालायची. एकदा यादीत गेली की पाडापाडी बंद, उंच बांधकाम बंद.

सगळ्यांना हे पटलं होतं असं मुळीच नाही. कोपऱ्यावरचा अभय तोंडावर म्हणाला, "काका, तुम्हाला कमान दिसते. मला सकाळची संडासची रांग दिसते."

"अरे, घर विकून जाशील कुठं?"

"जिथं संडास घरात असंल तिथं!"

अभयचं अगदीच काही खोटं नव्हतं. पण काकासाहेब पेटले होते, आणि पेटलेल्या माणसाला असलं ऐकू येत नाही. वहाबभाईंचं कूलरदुरुस्तीचं दुकान. ऐन उन्हाळ्यात, धंद्याच्या दिवसांत ते शटर अर्धं ओढून काकासाहेबांबरोबर दारोदार हिंडले. काकासाहेब बोलायचे, वहाबभाई मान डोलवायचे. काही घरांत एकाचं वजन होतं, काही घरांत दुसऱ्याचं. हळूहळू अभयसुद्धा नरमला आणि गल्ली एक झाली.

यादीच्या सुनावणीला सगळे गेले. अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "गल्ली यादीत गेली तरी रहिवाशांची अडचण होऊ नये, म्हणून राहत्या घरांवर एक मजला वाढवायची सूट ठेवता येते. ठेवायची का? आपसांत विचारून सांगा."

मागच्या रांगेत बिल्डरचा माणूस गालातल्या गालात हसत होता. काकासाहेबांनी तो पाहिला आणि त्यांचं डोकं सणकलं. ही सूट म्हणजे त्याचीच खेळी! विचारायचं कुणाला आणि कशाला? ते ताडकन उठले.

"एक वीटसुद्धा नको! आज एक मजला मागतील, उद्या सात! गल्ली आहे तशी राहील!"

सभागृह दणाणलं. टाळ्या पडल्या. "सगळ्यांना मान्य आहे?" बाईंनी विचारलं. हात वर झाले. वहाबभाईंचाही झाला, जरा उशिरा. तो उशीर काकासाहेबांच्या ध्यानात आला नाही. ते टाळ्या ऐकत होते.

गल्ली यादीत गेली. बिल्डरनं गाशा गुंडाळला. पेढे वाटले, पेपरात फोटो आला, काकासाहेबांचे पाय महिनाभर जमिनीला लागले नाहीत.

मग एका दुपारी वहाबभाईंच्या अमिनाबी शीरखुर्मा घेऊन आल्या. त्यांच्या मुलाचं, तौफिकचं लग्न ठरलं होतं, उस्मानपुऱ्यातल्या अरफाशी. त्या गेल्यावर काकासाहेबांच्या चतुराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"दोन खोल्यांत सून कुठं ठेवतील हो? गच्चीवर खोली काढायचं त्यांचं लई दिसापासनं होतं. म्हाईत नव्हतं तुम्हाला?"

"वहाबभाई कधी बोलले नाय."

"तुम्ही बोलू दिलं व्हय कधी कोणाला?"

काकासाहेबांनी शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारली. दुसऱ्याच दिवशी ते सुनावणीच्या अधिकारी बाईंकडं गेले. एक खोली, फक्त एक, माघारच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणारसुद्धा नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, सूट मी देऊ केली होती. तुमच्या गल्लीनं एकमतानं नाकारली. आता एका घराला दिली तर उद्या बिल्डरही येईल मागायला. तेव्हा काय सांगू?"

हे तर काकासाहेबांचंच म्हणणं होतं. त्यांनी आणखी तीन खेटे घातले, हातापाया पडले, पण उत्तर बदललं नाही.

लग्नाआधी वहाबभाईंनी घर विकलं. पुण्याच्या कुणीतरी घेतलं. वेरूळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना उतरायला तिथं खोल्या करणार होते. वहाबभाईंनी मुकुंदवाडीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो त्याच बिल्डरचा होता हे कळलं, तेव्हा काकासाहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं.

सामान हलवायच्या दिवशी ते सकाळपासून राबले. कपाटाला हात लावला, कूलर उचलले, अमिनाबींच्या कुंड्या टेम्पोत नीट रचल्या. शेवटी दोघं ओट्यावर टेकले. काकासाहेबांना राहवलं नाही.

"वहाबभाई, त्या दिवशी तुम्ही तरी हात खाली ठेवायचा होता."

"अन् गल्ली फुटू द्यायची? बिल्डरचा माणूस तेच बघत बसला होता ना मागं. मी हात वर नसता केला तर आमच्यातल्या एकानं पण केला नसता."

"मग आधी तरी बोलायचं. इतके दिवस संगं फिरलो आपण."

वहाबभाईंनी रुमालानं मान पुसली. आवाजात राग नव्हता. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकासाहेबांना वाटलं.

"बोलणारच होतो. बाई म्हणल्या ना, आपसांत विचारा? मी तुमच्याकडं वळलो पण होतो. पण तुम्ही उभे राहिलेले. म्हटलं, काकासाहेब बसतील आता, मग कानात सांगू." ते उठले आणि टेम्पोकडं निघाले. "तुम्ही बसलेच नाय."