शेडचे कपडे

"तू नको हात लावूस, तुला सवय नाही," म्हणत थोरलीने धाकट्या जावेच्या हातातली पँट ओढून घेतली आणि गच्चीच्या कठड्यावर दोनदा आपटली. पांढरट धूळ उडाली, तिरप्या उन्हात क्षणभर चमकली आणि दिसेनाशी झाली.

"अहो जाऊबाई, आधी भिजवा तरी," धाकटी तोंडावर हात धरून मागे सरली.

"न झटकता भिजवलं की चिखल होतो. बावीस वर्षं धुतेय मी. मला शिकवू नकोस."

एकाच घरात वर थोरली, खाली धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ आणि एकाच कारखान्यात कामाला. थोरलीचा नवरा जुन्या शेडमध्ये छपराचे पत्रे बनवायचा. सिमेंटमध्ये घालायचे दगडी तंतू पोत्यांतून यायचे. पोतं फोडलं की शेडभर कुसळं तरंगायची. केसांत, भुवयांत, शर्टाच्या शिवणीत बसून ती घरापर्यंत यायची. धाकटा दीर मात्र तीन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत लागला होता. तिथे रंगात मिसळायची एक पूड बनायची, मैद्याहून कितीतरी बारीक. तिथल्या माणसांना पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, तोंडाला मुखवटा, सुटताना आंघोळ. कपडे तिथेच धुतले जायचे. दीर सकाळी ज्या शर्टात जाई, त्याच शर्टात इस्त्रीची घडी न मोडता परत येई.

ती घडी थोरलीच्या डोळ्यांत खुपायची. चारच्या सुमाराला ती गच्चीवर पिळे वाळत घालत असायची, तेव्हा खालून धाकटीच्या रेडिओचा आवाज यायचा. धाकटीची नखंसुद्धा गुलाबी होती. "बसून खाणाऱ्यांचं काय बाई," ती शेजारणीला म्हणायची, धाकटीला ऐकू जाईल एवढ्या बेताने.

एकदा सगळे एकत्र जेवायला बसले असताना तिने दिराला विचारलंच, "भाऊजी, तुमचे एवढे लाड कशाला करतात हो?"

"लाड कसले, वहिनी? पूड नवी आहे. छातीत जाऊन काय करते ते कुणालाच नीट ठाऊक नाही. वीस वर्षांनी कळेल, म्हणून आत्तापासून तोंडं बांधतात."

"आणि आमची कुसळं काय करतात, ते अजून कळलं नाही का?"

दिराने भावाकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. थोरलीला वाटलं, बरं तोंड बंद केलं भाऊजींचं.

पुढे जिना चढताना तिला दम लागू लागला. जिना अठरा पायऱ्यांचा. नवव्या पायरीवर, नेमकं धाकटीच्या खिडकीसमोर, थांबावं लागायचं. आपण धापा टाकतोय हे धाकटीला दिसलं तर ती मनातून हसेल, या विचारानेच थोरलीचं डोकं फिरायचं. मग ती वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसायची. अंगठा धडधाकट होता. असे चार महिने गेले.

शेवटी एके दिवशी धाकटी दार उघडून बाहेर आली.

"रोज एकाच पायरीवर चप्पल कशी तुटते हो तुमची?"

"तुला काय करायचंय?"

"उद्या दवाखान्यात जायचंय, हे करायचंय. रिक्षा सांगून ठेवलीय मी."

छातीत पाणी झालं होतं. ते काढलं, तपासायला पाठवलं, छातीच्या आतल्या पडद्याचा एक तुकडाही काढून पाठवला. अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही पत्र्याच्या कारखान्यात होतात का?"

"छे! मी त्याचं फाटकसुद्धा ओलांडलेलं नाही. आमचे हे आहेत तिथे."

"त्यांचे कपडे कोण धुतं?"

"मीच. दुसरं कोण धुणार?" थोरली ताठ बसली. "झटकून, भिजवून, घासून. यांच्या कपड्यांना कधी कुणी नाव ठेवलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी अहवाल तिच्यासमोर ठेवला. मग त्यांनी फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर समजावून सांगितला. धाकटीने थोरलीचा हात धरला. थोरलीने तो सोडवून घेतला नाही.

नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला.

त्या रात्री तो पलंगाच्या कडेला बसून होता. "मला व्हायला हवं होतं गं. शेडमध्ये मी होतो."

"हो," ती म्हणाली. "तुम्हालाच व्हायला हवं होतं."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण खोटं नव्हतं ते. आजवर ती धाकटीच्या नखांवर जळली, तिच्या दुपारच्या झोपेवर जळली. आता शेजारी पडलेल्या माणसाच्या संथ, भरघोस श्वासावर जळत होती. तो निवांत घोरायला लागला तेव्हा तिने उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन निजली.

आठवड्याने कारखान्याच्या दवाखान्यात तिच्या नावाची फाइल उघडायची होती. दिराने आठ दिवस खेटे घालून ते जमवलं होतं. कामगाराच्या बायकोची फाइल तिथे आजवर कधी उघडलीच नव्हती. अर्ज छापील होता. थोरलीने तो धाकटीपुढे सरकवला आणि धाकटी लिहायला बसली. नाव, वय, पत्ता झाला. पुढच्या रकान्यात 'व्यवसाय' होतं. धाकटीने 'गृहिणी' लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"गृहिणी."

"खोड ते."

"मग काय लिहू?"

थोरलीने दम घेतला. "लिही, शेडचे कपडे धुणे. बावीस वर्षं."

"एवढं मावायचं नाही हो त्यात."

"मग बाहेर लिही."

धाकटीने आधीचा शब्द खोडला आणि चौकटीच्या रेघेबाहेर, कागदाच्या कडेपर्यंत, सावकाश लिहीत नेलं. थोरली वाकून बघत होती. एकेक अक्षर मोत्यासारखं उतरत होतं. बाईचं अक्षरसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे बघून तिच्या पोटात पुन्हा एकदा दुखलं.