आत्याची तिसरी पायरी

आमचे बाबा समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या ऑगस्त कोंतचे कट्टर भक्त. ब्राझीलमधल्या आमच्या अख्ख्या पोर्तु अलेग्री शहरात त्यांची व्याख्यानं गाजायची. कोंतला विधवेचं दुसरं लग्न मंजूर नव्हतं. त्यामुळे विधवा दोरालिसी आत्याने औषधवाल्या अबिलियोशी लग्न ठरवल्याचं सांगताच बाबांना ठसका लागला.

"वैधव्य कायमचं असतं, दोरा!"

"दादा, कोंतच्या मते माणसाची बुद्धी तीन पायऱ्या चढते, हे तूच शिकवलंस ना? आधी मी देवाला साकडं घातलं. मग प्रेम म्हणजे काय, यावर नुसता विचार करत बसले. आता डोळ्यांनी पारखलंय. अबिलियो घोरत नाही."

"हे तू कुठे पारखलंस?" बाबा किंचाळले.

"दुपारी दुकानात पेंगतो की!"

आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

"आणि नीतीच्या बाबतीत पुरुषाने बाईचं ऐकावं, असंही कोंतच म्हणतो ना?"

 हे तर बाबा स्वतःच दर रविवारी व्याख्यानात सांगत.

कोंत चर्च मानत नसे, म्हणून लग्नाच्या दिवशी बाबांनी चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. दाराबाहेर ताठ उभे राहिले. पण आत्या नवऱ्याचा हात धरून बाहेर आली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तेच रडले.