गल्लीला तोंड दाखवायचं

“अगं, कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावर ठेवून कुठं चाललीस? हातात धर.”

इलोनाशी माझं पहिलं बोलणं हे असं. पोरगी हंगेरीची, तैवानातल्या आमच्या ताइनानच्या गल्लीत माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं आलेली. आदल्या दिवशी कचरागाडीचं गाणं ऐकून आइस्क्रीमवालाच आला म्हणून धावली होती. गल्लीत माशाची पेज विकणारा आमचा को पोट धरून हसला.

मग मीच तिला शिकवायला घेतलं. कचरा आपल्या हातानं गाडीत टाकायचा, खरकटं वेगळ्या बादलीत. कोणाकडे गेलीस तर फळं ने, घड्याळ चुकूनही नको, इथं ते मरणाची भेट मानतात. घराचा पत्ता चिनी अक्षरांत खिशात ठेव.

“पण आजी, माझा कचरा मूठभर. प्रत्येक गाडीला कशाला उतरू?”

“कचऱ्यासाठी कोण उतरतंय? गल्लीला तोंड दाखवायला उतरायचं. म्हणजे आपण धड आहोत, हे चार माणसांना कळतं.”

तिनं नाक मुरडलं, पण उतरायला लागली.

तैपेईहून माझ्या मुलाचा, वेनचा, एकच धोशा होता. “आई, एकटी राहू नकोस. इकडे ये.” मी म्हणायची, “अख्खी गल्ली आहे रे मला.” पण एकटीला काही झालं तर, ही धास्ती आतून मलाही होतीच.

आणि तसंच झालं. न्हाणीघरात पाय घसरला, कमरेतून कळ गेली, उठता येईना. फोन स्वयंपाकघरात. खाली गाणं वाजलं, पिशव्यांची लगबग झाली, गाणं लांब गेलं. आता कोण येतंय, म्हणून मी डोळे मिटले.

तेवढ्यात दार बडवल्याचा आवाज आला. “आजी! तुम्ही खाली आला नाहीत!” इलोनाच ती. माझी जादा किल्ली पेजवाल्या कोकडे असते. त्यालाही तिनं ओढत आणलं होतं.

इस्पितळातून घरी आले तेव्हा वेन मला तैपेईला न्यायला माझी बॅग भरत होता. मी खिडकीशी बसून होते. गाडी आली. इलोनाच्या एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात माझी. तिची तिनं टाकली, माझी मात्र उंच धरून वर बघत राहिली. ड्रायव्हर निघायला लागला, तर को त्याच्यावर डाफरला, “दम धर की. आजीनं अजून हात नाही केला.”

सगळी गल्ली वर बघत होती. मी हात केला.

मागे वेन उभा राहून हे सगळं बघत होता. मग त्यानं बॅगेतली माझी चादर काढली आणि परत पलंगावर अंथरली.