बिनतेलाचा बांबू

ताई दारात आली की आधी गवती चहाचा वास यायचा आणि त्याच्या मागोमाग सुक्या बोंबलाचा. हिवाळ्याच्या पिवळसर उन्हात नालासोपाऱ्यातल्या आमच्या जिन्यावर ते दोन्ही वास भांडत राहत आणि शेजारी मुकाट दारं लावून घेत. माझी ही थोरली बहीण महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. वनस्पतींच्या तेलांनी अन्नावरची बुरशी रोखता येते का, या एकाच प्रश्नाभोवती तिचं अर्धं आयुष्य फिरलं. बोलता बोलता ती अंगठा तर्जनीवर घासत राही, एखादा अदृश्य थेंब चिकट आहे की नाही ते पाहावं तशी.

जवळच्याच कळंबच्या किनाऱ्यावर, हिराबाई कोळणीच्या अंगणात तिने बोंबील वाळवायचे दोन बांबू मागून घेतले होते. एकावर गवती चहाच्या तेलाच्या पाण्यात बुडवलेले बोंबील, दुसऱ्यावर बिनतेलाचे. दुसऱ्यावर बुरशी धरली आणि पहिल्यावर धरली नाही, तरच तेलाचा गुण सिद्ध होणार, इतकं ते साधं होतं. मे महिन्यात ती निवृत्त होणार होती, म्हणून हा शेवटचाच हंगाम.

आणि नेमकी ती ओल्या जाळ्यावरून घसरली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन ती खिडकीत बसली, डाव्या हाताने वहीत वेडीवाकडी अक्षरं काढत, आमच्यावर चिडत. हिराबाईला फोनवर रोज एकच सांगणं, तेल विसरू नका.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तिला रिक्षाने कळंबला नेलं. दोन्ही बांबूंवरचे बोंबील सारखेच स्वच्छ होते. ताईने एक हुंगला, मग दुसऱ्या बांबूवरचा, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"त्या बांबूलाबी लावलं गो बाय," हिराबाई कौतुकाने म्हणाली. "तुजा हात मोडलेला, त्यात तुजं म्हावरं कुजलं तर लोकं तुलाच हसतील. तेलाचं पानी कमी पडू दिलं नाय."

मला असा संताप आला की तिथेच चार शब्द सुनावावेत. ताईने अशक्त हाताने माझा दंड धरला. "छान झालेत," एवढंच म्हणाली.

परतीच्या वाटेवर, गास गावाच्या शेतांपाशी, मी तिच्यावरच ओरडले, की निदान तिची चूक तिला सांगायचीस तरी.

"तेल विसरू नका, एवढंच म्हणाले मी," ती म्हणाली. "दुसऱ्याला लावू नका, हे म्हणालेच नाही मी. आता तेलाने वाचले की यंदाच्या कडक उन्हाने, कोण सांगणार?"

ती निवृत्त झाली. कळंबच्या बायका अजून सांगतात की बायच्या तेलाने एकही बोंबील फुकट गेला नाही. त्यांच्या स्मृतीत ती जिंकलेली आहे. पण जिच्याशी ताडून पाहायचं ती बिनतेलाची बाजूच नाहीशी झाली, आणि ही स्मृती खरी की खोटी, ते आता काळालाही ठरवता येणार नाही.