पूजलेलं मशीन

माझा आवाज मोठा हाय, ते मला ठाऊक हाय. लेथच्या खडखडाटात उभं राहून वर्षानुवर्षं बोलल्यावर कुणाचाबी आवाज मोठा हुतोय. वर आमच्याकडं बायकाबी ‘आलो-गेलो’च म्हणत्यात, म्हणून फोनवर निम्मी माणसं मला ‘साहेब’ म्हणत्यात. म्हणू देत. नवरा मुरगूडला शेती बघतो, मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शॉप चालवतो. ट्रॅक्टरच्या पिना बनवतो. सगळी मला आक्का म्हणत्यात.

तर यंदाच्या खंडेनवमीला मी माती खाल्ली. पर आधी यल्लव्वाचं सांगाय पायजे.

यल्लव्वाचा नवरा माझ्याकडंच कामाला हुता. तो वारला, आणि त्याच्या जागी ती आली. माहेर तिकडं कर्नाटकाच्या हद्दीवर, राहायला गडमुडशिंगीत, पदरात एक पोरगी. मी तिला ग्राइंडरवर लावली. ओतीव माल घासायचा, दिवसभर काळी धूळ उडती. तोंडाला कितीबी फडकं बांधा, खोकल्यातनं काळंच पडायचं. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरनं साफ सांगितलं, ग्राइंडर सोड, न्हाय तर छाती जाईल. सोडून करायचं काय? झाडलोटीच्या पगारात पोरीचं कॉलेज कसं भागायचं? ती कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, बंद दाराआड बिनधुळीचं कापणाऱ्या नव्या सीएनसी मशीनकडं बघत उभी राहिली नुसती.

ते मशीन मी आणि माझे दीर हंबीरराव, दोघांनी मिळून घेतलेलं. भावजी माणूस वाईट न्हाय, पर लेकाच्या बाबतीत आंधळा. त्यांना मशीनवर त्यांचा अमरसिंह बसवायचा हुता.

तेवढ्यात कारखानदारांच्या असोसिएशनच्या मिटिंगला एका सरकारी योजनेचं कळलं. तुमच्याच कामगाराला तुमच्याच शॉपमध्ये नवं काम शिकवा, शिकवणाऱ्याची फी सरकार देणार, शिकत्या दिवसांतला निम्मा पगारबी सरकारच देणार. शेवटी भायेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेणार, पास झाला की मालकानं त्याला त्याच कामावर घ्यायचं. सरकार आणि आपणहून द्यायला येतंय? म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. पर यल्लव्वाचा खोकला कानावर यायचाच की दिवसभर. मी तिचं नाव दिलं.

भावजींनी शॉपच्या दारातच मला गाठलं. “वहिनी, पास झाली तर मशीन तिचं. मी तोंडातनं शब्द काढणार न्हाय. नापास झाली तर दसरा झाला की अमरसिंह मशीनवर.”

“ठरलं,” म्हटलं. रागाच्या भरात म्हटलं. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय.

शिकवायला प्रसेनजीत कांबळे म्हणून पोरगेला मास्तर आला. गोड बोलायचा, पर हेका सोडायचा न्हाय. बटणं दाबायला शिकवंल म्हणून मी वाट बघतोय, आणि ह्यानं यल्लव्वाच्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर दिला आणि त्यावरच अडकून बसला. माप घ्यायच्या आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं मिटवायची, रेघ शून्यावर जुळती का बघायची, मगच पिन मोजायची. रोज तेच. आल्यावर झिरो, जेवून आल्यावर झिरो, हातातनं खाली ठेवला तरी पुन्यांदा झिरो.

मी भडकलो. “मास्तर, सरकारनं पैसा काय झिरो बघायला दिलाय व्हय?”

तो हसला. “आक्का, झिरो चुकला की पुढचं सगळंच चुकतंय.”

यल्लव्वा मात्र शिकत गेली. आधी मशीनचं दार उघडतानाबी दोनदा मास्तरकडं बघायची. नंतर नंतर गाणं गुणगुणत पिन लावाय लागली. कन्नड गाणं, आम्हाला कुणाला कळायचं न्हाय.

मग मेसेज आला. परीक्षा खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी. मी वाचला आणि मोठ्यानं हसलो. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि खंडेनवमीला सरकारी माणूस पुण्यासनं हितं येणार? कोण येतंय! फोन करून विचारायचीबी तसदी घेतली न्हाय. हीच ती माती.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडं हत्याराचा सण. सकाळीच मशीन धुऊन पुसून लख्ख केलं, झेंडूचा भला मोठा हार घातला, नारळ फोडला. नव्या मशीनची पहिलीच पूजा, मला तर हुरूपच आलता. ताटात नट आवळायचं पानं, मापाच्या पट्ट्या, मायक्रोमीटर, सगळं मांडलं, आणि एकालाबी सोडलं न्हाय, सगळ्या हत्यारांच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं. यल्लव्वा लांब दाराजवळ उभी हुती. नवरा गेला तवा सासरच्या बायांनी तिचं कुंकू पुसलं, तवापासनं पूजेचं ताट निघालं की ती आपणच मागं सरकती. तिला कुणी जवळ बोलवलं न्हाय. मीबी न्हाय.

आणि एकदा पूजा झाली की हत्यार चालवायचं न्हाय. त्याला विश्रांती. हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय.

पेढं वाटतोय न वाटतोय तोवर गेटवर गाडी थांबली. प्रसेनजीत मास्तर धावत आला. “आक्का, परीक्षक आलेत!”

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

परीक्षक वयस्कर, शांत माणूस. मी आवाज जमंल तेवढा मऊ केला. “पावणं, बसा, चहा घ्या. आज आमची पूजा झालीया. दसरा झाल्यावर घेऊया की परीक्षा.”

“मॅडम, तारीख कळवली होती,” ते म्हणाले. “आज झाली नाही तर उमेदवार गैरहजर लागेल. पुन्हा संधी कधी मिळेल, ते माझ्या हातात नाही.”

बाळासो आमचा सगळ्यात जुना कामगार. तो हार घातलेल्या मशीनच्या आडवा उभा राहिला. “आक्का, पूजलेलं मशीन चालवायचं न्हाय. माझ्या बापाच्या जन्मात असं झालं न्हाय. उद्या कुणाचा हात बित गेला म्हंजे?”

भावजी अमरसिंहाकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले तेवढं.

मी सगळ्यांवर ओरडलो. बाळासोवर, मास्तरवर, गेटवरच्या वॉचमनवर. आपली चूक असली की माझा आवाज आणखी चढतो. आणि आतनं मला रडू यायला लागलं. ह्या बाईनं जिवाचं रान केलं, आणि मी एका नारळापायी तिचं वाटोळं केलं.

तेवढ्यात यल्लव्वा दारातनं पुढं आली. बाळासोला म्हणाली, “मामा, सरका जरा.” मशीनला हात जोडले. पुटपुटत देवाला काय सांगितलं तिलाच ठाऊक. मग हार अलगद काढला आणि भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला घातला.

“त्येला सांगितलंय मी,” म्हणाली. “त्येला कळतंय, मामा. त्येलाबी पोटाचं ठाऊक हाय.”

बाळासो बाजूला झाला. नाराजीनं झाला, पर झाला.

परीक्षकांनी कापायला एक पिन दिली. एकच. ती ड्रॉइंगवरच्या मापात उतरली तर पास, जास्त कापली गेली तर खेळ खलास, कारण कापलेलं लोखंड परत चिकटवता येत न्हाय. यल्लव्वानं पिन लावली, दार लावलं, बटण दाबलं. पूजेच्या दिवशी मशीन फिरलं आणि बाळासोनं डोळं मिटून घेतलं.

मशीन थांबलं. तिनं ताटातला मायक्रोमीटर उचलला आणि पिनीला लावला. तिचं तोंड उतरलं. माप मोठं येत हुतं. म्हंजे अजून कापाय पायजे. ती मशीनच्या बटणांकडं वळली, किती कापायचं तो आकडा घातला. बोट बटणावर गेलं.

प्रसेनजीत मास्तर पांढराफटक पडला. परीक्षा चालू असताना त्याला बोलायला बंदी. मलाबी बंदी. माझी नजर मायक्रोमीटरवर गेली. त्याच्या तोंडात लाल दिसत हुतं. सकाळी मीच लावलेलं, वाळून घट्ट बसलेलं. माप पिनीचं न्हवतं, पिनीचं आणि माझ्या कुंकवाचं मिळून हुतं! ओरडू का? ओरडलो तर नापास. न ओरडलो तरी नापास. जन्मात पहिल्यांदा मी माझा आवाज दातांखाली धरला.

यल्लव्वाचं बोट बटणावर तसंच थांबलं. मग तिनं बोट मागं घेतलं. मायक्रोमीटर पुन्यांदा उचलला, तोंडं मिटवली, उजेडाकडं धरला. रेघ शून्यावर न्हवती.

तिनं जवळ घेऊन बघितलं आणि जागच्या जागी थिजली. हातात फडकं हुतं, पर फडकं पुढं जाईना. शॉपमध्ये सगळ्यांना कळलं ती का थांबली. कुंकू पुसायचं, तेबी सणाच्या दिवशी, तेबी हिनं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मला परीक्षेतलं काय बोलायची बंदी हुती. ह्ये परीक्षेतलं न्हवतं. मी नुसती होकाराची मान हलवली.

तिनं कुंकू पुसलं. चांगलं घासून, दोन्ही बाजूंनी. झिरो बघितला, पिन मोजली. पिन आधीच मापात बसलेली हुती. तिनं घातलेला आकडा पुसून टाकला आणि पिन परीक्षकांच्या पुढ्यात ठेवली.

परीक्षकांनी आपल्या मायक्रोमीटरनं मोजली. मग विचारलं, “सुरुवातीलाच झिरो का पाहिला नाही?”

“इसरलो, साहेब,” ती म्हणाली. “भ्यालतो.”

“त्याचे मार्क जाणार.”

“जाऊ देत की.”

ते हसले. “निकाल रीतसर येईल. पण तुम्ही पास आहात.”

काय सांगू! मी अशी ओरडलो की शेजारच्या शॉपमधली माणसं पळत आली. प्रसेनजीत मास्तरला मी एकापाठोपाठ एक पेढं चारलं, त्याला बोलताबी येईना. आणि भावजी? शब्दाला जागले. उठले, यल्लव्वासमोर पेढ्याचा बॉक्स धरला आणि म्हणाले, “घे गं. आता मशीन नीट सांभाळ.” अमरसिंहचं तोंड एवढंसं झालं, पर त्यानंबी पेढा घेतला.

परीक्षकांची गाडी गेल्यावर बाळासो माझ्याजवळ आला. “आक्का, मशीनला फिरून कुंकू लावाय पायजे. तसंच उघडं ठेवायचं व्हय?”

मी ताट उचललं. यल्लव्वा सवयीनं मागं सरकली, दाराकडं.

“कुठं निघालीस? हिकडं ये,” मी म्हटलं. “मशीन तुझं. पूजा तू कर.”

“मी कशी, आक्का?”

“हातानं. सगळी करत्यात तशी.”

यल्लव्वा पुढं आली, बोट कुंकवात बुडवलं आणि मशीनच्या दारावर टेकवलं. मग बोटाला उरलेलं कुंकू ती पदराला पुसाय लागली.

मी तिचा हात धरला. “ते पुसू नको,” म्हटलं.

मग तिनं ते बोट आपल्या कपाळाला लावलं, आणि ढसाढसा रडली. मीबी रडलो. बाळासोनं नाक फुरफुरवलं आणि म्हणाला धूळ गेली. ग्राइंडर तर बंद हुतं.

दसरा झाला तशी यल्लव्वा मशीनवर उभी राहिली. आल्या आल्या मला म्हणाली, “आक्का, पुढच्या बॅचला ग्राइंडरवरच्या तानाबाईचं नाव घाला. तिलाबी खोकला लागलाय.”

“घातलंय,” म्हटलं. “तू आधी झिरो बघ.”